टाकीचे घाव आणि जिवंत हाड

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मराठी घरात इतक्या प्रसंगी वापरली जाते की तो एक सिद्धांत आहे हे लक्षातच येत नाही. नापास झालेल्या मुलाला ती ऐकवतात, सासरी जाच सोसणाऱ्या मुलीला ऐकवतात, अपघातात पाय गमावलेल्या माणसाच्या खाटेशी उभं राहूनही ऐकवतात. तिच्या पोटात एक दावा आहे: दुःख माणसाला घडवतं, म्हणून ते देणाऱ्याचा हेतू चांगला असणार. ईश्वर आहे आणि तो दयाळू आहे, तर जगात एवढं दुःख का, या जुन्या प्रश्नाला आपल्याकडे प्रामुख्यानं दोन उत्तरं मिळतात. एक मागे, पूर्वकर्माकडे बोट दाखवतं. दुसरं पुढे पाहतं: सोसशील तर मोठा होशील. हे दुसरं उत्तर एकट्या आपलं नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेकानं दैवी योजनेवरच्या निबंधात लिहिलं की देव भल्या माणसांना कडक बापासारखा वाढवतो, आणि वाऱ्याचे तडाखे खाणारं झाडच घट्ट मुळं धरतं. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्मगुरू इरेनियस मानत असे की माणूस अपूर्ण घडवला गेला आहे आणि पूर्णतेकडे वाढणं हेच त्याचं काम आहे. तोच धागा पकडून १९६६ साली जॉन हिक या इंग्रज तत्त्वज्ञानं जग ही आत्मा घडण्याची जागा आहे, अशी मांडणी केली.

या उत्तराला बळ येतं कुठून? माझ्या मते ते तर्कातून कमी आणि शरीराच्या अनुभवातून जास्त येतं. तालमीत घाम गाळला की अंग भरतं, ओझी वाहणाऱ्याचे खांदे रुंद होतात, कुदळ धरणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात. देहाचं जे खरं तेच मनाचं आणि आत्म्याचंही, असं आपण न बोलता धरून चालतो. म्हणून तपासणी देहापासूनच करायला हवी. दाब, ताण, ओढ यांचा हाडावर, कूर्चेवर, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास दीडशे वर्षं चालू आहे. त्यातून निघणारं उत्तर म्हणीला अर्धाच आधार देतं. घावानं देह घडत नाही. झेपेल असा भार, मधला विसावा आणि प्रतिसाद देणारी जिवंत पेशी, हे तिन्ही जुळून आले तरच तो घडतो. हे मान्य केलं तर दुःखाचं समर्थन करण्याची ती जुनी वाट बंद होते, असं माझं म्हणणं आहे.

आधी म्हणीच्या बाजूचा पुरावा पाहू, कारण तो भक्कम आहे. १८६६ साली झुरिकमध्ये हेर्मान फॉन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञानं मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाची अंतर्रचना मांडली. आतल्या जाळीदार हाडाच्या पट्ट्या अस्ताव्यस्त नव्हत्या. खुब्याच्या गोलापासून त्या कमानीसारख्या वळत खाली उतरत होत्या. कार्ल कुलमान या अभियंत्याला त्या रेषा ओळखीच्या वाटल्या. वाकड्या क्रेनला वजन टांगलं की तिच्या आत दाब आणि ताण ज्या मार्गांनी उतरतात, ते मार्ग तो कागदावर असेच काढत असे. बर्लिनचा शल्यविशारद युलियस वोल्फ यानं १८९२ च्या ग्रंथात त्याचा नियम केला: हाडावरचा भार बदलला की हाडाची घडणही बदलते. त्याच्या गणितावर पुढे आक्षेप आले, मूळ कल्पना टिकली. १९७७ साली व्यावसायिक टेनिसपटूंच्या हातांचे एक्स-रे मोजले गेले, तेव्हा रॅकेट धरणाऱ्या बाजूच्या दंडाच्या हाडाची भिंत पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत २८ टक्के जाड निघाली. माणूस एकच, रक्त आणि आहार तोच. फरक काय तो भाराचा. याच्या उलट, अंतराळात महिनोन्महिने राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडातून दरमहा एक ते दीड टक्का खनिज निघून जातं. भार नसेल तर हाड स्वतःला राखत नाही. इथपर्यंत सेनेकाचं झाडही खरं वाटतं आणि आपली म्हणही.

हाडाच्या आणखी आत शिरलं की मात्र चित्र पालटतं. प्रौढ हाडातल्या दहापैकी नऊहून अधिक पेशी ऑस्टिओसाइट जातीच्या असतात. एकेक पेशी कठीण खनिजातल्या इवल्याशा पोकळीत बसलेली असते, आणि तिचे केसाहून बारीक असे डझनावारी फाटे सूक्ष्म नळ्यांतून शेजारच्या पेशींपर्यंत पोचलेले असतात. या नळ्यांत द्रव असतो. पाऊल जमिनीवर पडलं की हाड डोळ्याला न दिसेल इतकं वाकतं, द्रव एकीकडून दुसरीकडे सरकतो आणि त्या प्रवाहाची ओढ पेशीला जाणवते. मग ती स्क्लेरोस्टिन हे प्रथिन कमी बनवते. हे प्रथिन हाड बांधणाऱ्या पेशींना रोखून धरत असतं; ते घटलं की बांधणी सुरू होते. म्हणजे हाडाला वजनापेक्षा वजनातला बदल कळतो. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅन्यन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पक्ष्याच्या पंखातलं एक हाड रोजच्या भारापासून वेगळं केलं, तेव्हा ते झिजू लागलं. दिवसातून फक्त ४ वेळा भार दिल्यावर झीज थांबली. ३६ वेळा दिल्यावर हाड वाढलं. १८०० वेळा दिला तरी ३६ पेक्षा अधिक काही पदरात पडलं नाही. आणि जिथे न हलणारा, सतत एकसारखा दाब ठेवला, तिथे हाड भारच नसल्यासारखं झिजत गेलं. पुढे इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या हाडावर दिवसाचे ३६० भार एका दमात देण्याऐवजी ९०-९० च्या चार हप्त्यांत दिले, तर तेवढ्याच भारातून जास्त हाड तयार झालं. सलग भारानं पेशी बधिर होते, काही तासांच्या विसाव्यानंतर तिची जाणीव परत येते. वर्षानुवर्षं न उतरणाऱ्या ओझ्याला जो माणसाची जडणघडण म्हणतो, त्याच्या बाजूनं हाड साक्ष देत नाही.

आता प्रत्यक्ष घावाकडे, म्हणजे मोडलेल्या हाडाकडे येऊ. मोडलेलं हाड जुळलं की त्या जागी आधीपेक्षा मजबूत होतं, ही समजूत सर्वदूर आहे. खरं तर जुळताना फटीभोवती नव्या हाडाची गाठ तयार होते, काही काळ ती जागा जाड असते, आणि पुढच्या महिन्या-वर्षांत शरीर ती गाठ कमी करत हाडाला मूळ आकाराजवळ आणतं. उत्तम जुळलं तर ते पूर्वीसारखं होतं, वरचढ होत नाही. ज्याची हाडं ठिसूळ आहेत त्याला एक फ्रॅक्चर झालं की पुढच्या फ्रॅक्चरची शक्यता उलट वाढते. आणि जुळणं तरी कशावर अवलंबून असतं? स्विस शल्यविशारद श्टेफान पेरेन यांनी मांडलेल्या हिशेबानुसार फटीतली ऊती हालचालीमुळे सुमारे २ टक्क्यांच्या आत ताणली जात असेल तर तिथे हाड बनू शकतं, १० टक्क्यांपर्यंत कूर्चा बनते, त्यापलीकडे मऊ, कच्ची ऊतीच काय ती तग धरते. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गव्रील इलिझारोव यांनी अशाच मर्यादांचा माग काढत एक उपचारपद्धती उभी केली. हाड कापायचं, बाहेरून कड्या आणि तारांनी घट्ट धरायचं, काही दिवस थांबायचं, मग दोन टोकं दिवसाला १ मिलिमीटर, तेही पाव मिलिमीटरच्या चार टप्प्यांत, दूर न्यायची. फटीत नवं हाड तयार होत जातं आणि आखूड पाय लांब होतो. वेग दुप्पट केला तर हाड धरत नाही; निम्मा केला तर फट वेळेआधीच बुजते. इथे कापणं आवश्यक होतं, हे मान्य. पण नुसत्या कापण्यानं केसभरही लांबी वाढली नसती. ती दिली मोजून लावलेल्या ओढीनं, स्थिर आधारानं आणि जपलेल्या रक्तपुरवठ्यानं. नट फिरवण्याचं काम तर बरेचदा रुग्ण स्वतःच करतो, पाना त्याच्याच हातात असतो.

म्हणीचा दगड आणि जिवंत हाड यांत फरक पडतो तो इथेच. टाकी दगडातून काढून टाकते, दगड काहीच करत नाही. मूर्तीचं श्रेय कारागिराच्या हाताला जातं आणि ते योग्यच आहे. हाडात भार काही कोरत नाही. तो फक्त कळतो. कळल्यावर जे घडतं ते पेशी घडवते, आणि त्यासाठी तिला कॅल्शियम, प्रथिनं, संप्रेरकं, रक्त आणि वेळ लागतो. तोच भार उपाशी हाडावर पडला तर हाड मोडतं. कोणी दुःखातून उभा राहिला तर श्रेय त्या माणसाचं, आणि ज्यांनी त्याला धरून ठेवलं त्यांचं. म्हण ते श्रेय घावाला देऊन टाकते. परिणामी जो उभा राहू शकला नाही, त्याच्या वाट्याला दगडच कच्चा होता असा ठपका येतो. मुलगा गेलेल्या आईनं वर्षभरात स्वतःला सावरलं नाही की आजूबाजूची माणसं असंच बोलू लागतात. मला हा नुसता तर्कदोष वाटत नाही. ही क्रूरता आहे, आणि ती सांत्वनाच्या सुरात बोलली जाते म्हणून अधिक टोचते.

यावर एखादा जाणकार म्हणेल, इजेशिवाय नवनिर्मिती नाही हे तर जीवशास्त्रच सांगतं. रोजच्या वापरानं हाडात सूक्ष्म भेगा पडतात, भेगेजवळच्या पेशी मरतात, त्यांच्या खुणेवर हाड खाणाऱ्या पेशी येतात, जुना भाग काढतात आणि मागून येणाऱ्या पेशी नवा भरतात. आक्षेप खरा आहे आणि त्याला वळसा घालता येणार नाही. पण त्या कामाला लागणारा काळ पाहा. एका जागचं हे नूतनीकरण पुरं व्हायला साधारण चार महिने लागतात, आणि मधल्या काळात, जुनं काढलंय पण नवं भरलेलं नाही अशा अवस्थेत, ती जागा आधीपेक्षा दुबळी असते. तेवढ्यात भेगा पडण्याचा वेग दुरुस्तीच्या वेगापुढे गेला तर हाड चिरतं. प्रशियाच्या सैन्यातला डॉक्टर ब्राइटहाउप्ट यानं १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांचं वर्णन केलं. एक्स-रे आल्यावर कळलं की तळपायाची हाडं तडकत होती. आज त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात आणि नव्या भरतीच्या जवानांत ते आजही दिसतं. तीच भेग एका पायात दुरुस्ती घडवते आणि दुसऱ्या पायात फ्रॅक्चर. निकाल भेगेवर ठरत नाही, तिच्यानंतर मिळालेल्या उसंतीवर ठरतो.

दुसरा आक्षेप उलट दिशेनं येतो: मग काय, सुखासीन जगणंच बरं म्हणायचं? अजिबात नाही. दुखणाऱ्या अवयवाला पूर्ण विश्रांती, हा एकोणिसाव्या शतकातल्या लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांचा आग्रह होता. त्याच काळात फ्रान्समध्ये ल्युका-शांपियोनियेर फ्रॅक्चरवरही हालचाल आणि मालिशीचा पुरस्कार करत होते. वाद फार काळ चालला. पाठदुखीपुरता त्याचा कौल १९८६ मधल्या अमेरिकेतल्या चाचणीनं दिला: सात दिवस अंथरुणात काढणाऱ्यांपेक्षा दोन दिवस काढणारे लवकर कामावर गेले आणि त्यांचं काही बिघडलं नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ झालेल्या स्त्रियांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चांगलं जड वजन उचललं. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्के वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. टाचेमागच्या कंडरेच्या जुनाट दुखण्यावर स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये जो व्यायाम दिला, त्यात दिवसाला १८० वेळा टाच खाली सोडायची होती, आणि थोडं दुखलं तरी चालू ठेवायचं होतं. दुखणं कमी झालं की पाठीवर वजन वाढवायचं. म्हणजे वेदना चालते, कधी ती टळतही नाही. पण कंडरा वेदनेनं बरी होत नाही. कष्ट नकोत असं हाड कुठेच म्हणत नाही. कष्ट आणि यातना एकच आहेत, एवढंच ते नाकारतं.

याहून अवघड प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. हाड म्हणजे मन नव्हे. देहात जे घडतं त्यावरून जगण्याविषयी निष्कर्ष काढायचे कशाच्या आधारे? मला वाटतं हा आक्षेप माझ्यापेक्षा म्हणीला जास्त लागू आहे. देहावरून आत्म्याकडे उडी तिनं मारली, सेनेकानं मारली. ज्या आधारावर ते उभे आहेत तो आधार तपासून मी परत मागतो आहे, नवा निष्कर्ष लादत नाही. शिवाय मनाच्या अभ्यासातही तसंच काही सापडतं. आघातानंतर माणसात होणाऱ्या वाढीविषयी अमेरिकेतले टेडेस्की आणि कॅलहून १९९० च्या दशकापासून लिहीत आले आहेत. ती वाढ आघातातून येत नाही, आघातानंतर माणूस जी झुंज देतो तिच्यातून येते, हे त्यांनी स्वतःच बजावून ठेवलं आहे. झुंजायला ऐकून घेणारी माणसं लागतात, डोक्यावर छप्पर लागतं, थोडा निवांतपणा लागतो. ज्याच्याकडे यांतलं काहीच नाही त्याला आघात नुसता मोडतो.

श्रद्धावान इथे शेवटचा मुद्दा मांडेल: माप ठेवणारा वर बसला आहे, देव झेपेल तेवढंच देतो. या वाक्यानं कित्येकांना रात्री काढायला मदत केली आहे, म्हणून मी त्यावर हलक्या मनानं बोलणार नाही. पण जन्मतः ठिसूळ हाडांचा आजार घेऊन आलेल्या मुलाचा विचार करा. त्याच्या हाडातलं कोलॅजन सदोष असतं. काहींच्या फासळ्या आईच्या पोटातच मोडतात. कुशीवर वळवताना, लंगोट बदलताना हाड मोडू शकतं. त्या तान्ह्या जिवाला झेपेल तेवढंच मिळालं, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? स्वतः हिकनंही कबूल केलं की जगातलं बरंच दुःख माणसाला घडवण्याऐवजी चिरडून टाकतं. त्या उरलेल्या दुःखासाठी त्याला गूढाचा आणि मरणोत्तर जीवनाचा आधार घ्यावा लागला. मला ती कबुली प्रामाणिक वाटते. यातून ईश्वर नाही असं सिद्ध होत नाही. दुःखाला त्याची योजना ठरवण्याचा आपला अधिकार तेवढा जातो. श्रद्धा त्याशिवायही उभी राहू शकते, आणि कारण न सांगता त्या मुलाला जपून उचलणं हे मला कारण सांगण्यापेक्षा अधिक धार्मिक कृत्य वाटतं.

आपल्या परंपरेनं घावाची पूजा केली आहे असंही नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात देहाला पिळून काढणारं, शास्त्राला सोडून केलेलं घोर तप आसुरी म्हटलं आहे, आणि स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस ठरवलं आहे. सहाव्यात योग्याला आहार, विहार, झोप आणि जागं राहणं यांचं माप सांगितलं आहे. बौद्ध विनयपिटकातली सोण कोळिविसाची कथा तर या विषयाच्या गाभ्याशी पोचते. श्रीमंत घरातला हा सुकुमार तरुण भिक्षू झाला आणि इतक्या जिद्दीनं येरझाऱ्या घालू लागला की पाय फुटून वाट रक्तानं माखली. तरी मुक्ती मिळेना, तेव्हा परत घरी जावं असं त्याच्या मनात आलं. बुद्धांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली: तार फार ताणली तर सूर लागत नाही, सैल ठेवली तरी लागत नाही. सोणानं प्रयत्नाचं माप बदललं आणि तो अर्हत झाला. सहसा कथा इथवरच सांगितली जाते. विनयात ती पुढे जाते. बुद्धांनी सोणाला एका तळाच्या वहाणा घालायची परवानगी दिली. त्यानं एकट्यासाठी ती घ्यायला नकार दिला. संघाला मिळणार असेल तर मीही घालीन, म्हणाला. मग ती सर्व भिक्षूंना मिळाली.

उसंत ही एखाद्याला केलेली मेहेरबानी न राहता सर्वांचा नियम व्हावी लागते, हे त्या कथेतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडे भार ठरवणारा आणि भार वाहणारा सहसा वेगळे असतात. बीडकडून साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटेपासून उसाची तोड, मग मोळी बांधणं, मग ती डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रॉलीत चढवणं. दिवस चुकला तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड कापला जातो. पाळी असो, ताप असो, नुकतंच बाळंतपण झालेलं असो. २०१९ साली या भागातल्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, तेव्हा खाड्याची धास्ती हेही त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं. हाडाच्या हिशेबानं पाहिलं तर इथे घडणीची एकही अट पुरी होत नाही: भाराला वरची मर्यादा नाही, पोटाला पुरेसं अन्न नाही, आणि विसाव्यावर थेट दंड आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्येच प्रौढ पुरुषानं हातानं वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती, आणि स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी असं म्हटलं होतं. ऊस तोडणाऱ्या बाईच्या कष्टाला तपश्चर्या म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या भावनेवर मला शंका घ्यायची नाही. पण गीतेचं आणि सोणाचं माप लावलं तर तिला आधी देणं लागतो ती मोळीच्या वजनाची मर्यादा आणि खाड्याविना सुट्टी, आणि हे मागण्याचं काम एकट्या कामगार संघटनांवर न सोडता कीर्तनकारांनी आणि प्रवचनकारांनीही आपलं मानायला हवं.